चेअरमनबाईंनी घेतलेली खरी सभा

चेअरमनबाईंचं टेबल जिन्याखाली होतं. चार मजली इमारत, तळमजल्यावर दोन दुकानं, आणि जिना जिथे वळतो तिथल्या पोकळीत एक इस्त्रीचं टेबल, एक दिवा, एक स्टूल आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले तयार शर्ट. वरून कोणी धाडधाड उतरलं की चुन्याची पूड खाली पडायची, म्हणून बाईंनी डोक्यावर एक जुनी चादर ताणून बांधली होती. या चादरीखाली उभ्या राहून बाई एका कंपनीच्या अध्यक्ष होत्या. कंपनीची टेकडीच्या उतारावर जमीन होती, जमिनीवर घर होतं, घराला निळ्या खिडक्या होत्या. बाईंकडे दोन इस्त्र्या होत्या आणि त्यांतली एक चालायची.

बाईंना चेअरमन हे नाव त्यांच्या नवऱ्याने पाडलं. तो बस आगारात मेकॅनिक. बायकोच्या नावाने अध्यक्ष असा शिक्का मारलेला कागद त्याने घरी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आगारात आणि तिसऱ्या दिवशी गल्लीत सांगितलं. मग काय, गल्लीला तेवढंच हवं होतं. दूधवाला विचारायचा, चेअरमनबाई, आज अर्धा की एक? पोरं ओरडायची, चेअरमनबाई, आमचा पतंग तुमच्या छपरावर पडला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा," आणि जपून वापरलेला चष्मा पुसून पुन्हा मटार सोलायला बसल्या.

आता ही अध्यक्षपदाची माळ बाईंच्या गळ्यात पडली कशी, ते सांगायला हवं, कारण बाईंनी ती मागितली नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. कॉलर कडक, बोलणं मऊ, असा माणूस. इथला कायदा असा की परदेशी माणसाने घर बांधलं तर चालतं, पण घराखालची जमीन त्याच्या नावावर होत नाही. जमीन इथल्या माणसाची हवी, नाहीतर जिच्यात इथल्या माणसांचा वाटा जास्त आहे अशा कंपनीची. साहेबांनी या कायद्यातून आपल्यापुरती एक पायवाट काढली होती. परदेशी गिऱ्हाईक आलं की एक कंपनी काढायची. गिऱ्हाइकाच्या नावावर निम्म्याहून थोडे कमी शेअर, बाकीचे हाताशी असतील त्यांच्या नावावर. हाताशी कोण, तर स्वतःच्या गाडीवरचा ड्रायव्हर, ऑफिस झाडणारी बाई, खालची इस्त्रीवाली. मोठा माणूस घेतला तर उद्या डोईजड होईल; आपली माणसं बिचारी काय बोलणार, असा साहेबांचा हिशोब. अध्यक्षही त्यांच्यातलाच करायचा, म्हणजे दोरी आपल्या हातात.

साहेब शर्टांच्या गठ्ठ्याबरोबर कागद पाठवायचे. बाई हात पुसून, जिथे पेन्सिलीची फुली असेल तिथे सही करायच्या. बदल्यात वर्षाला एक पाकीट आणि अख्ख्या ऑफिसची इस्त्री. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी होती, कारण घर त्या इस्त्रीवरच चालत होतं. कागदांत काय असायचं ते बाईंनी एकदा वाचलं होतं. वार्षिक सभेचा वृत्तांत होता. "अध्यक्षांनी सर्व भागधारकांचे स्वागत केले व कंपनीच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केले." त्या दिवशी बाईंनी कोणाचंही स्वागत केलं नव्हतं. एका हॉटेलचे पडदे इस्त्री करता करता त्यांची कंबर गेली होती आणि कसल्याच बाबतीत त्यांना समाधान नव्हतं. वाचून त्या इतक्या हसल्या की इस्त्री एका पडद्यावर राहिली आणि पडद्याची भरपाई द्यावी लागली. तेव्हापासून वाचणं बंद.

ज्या बाईसाठी ही कंपनी काढली होती, ती परदेशात दातांची डॉक्टर होती. म्हातारपणी सगळं विकून इथे आली आणि टेकडीवर घर बांधून राहिली. इथली भाषा तिने पुस्तकातून शिकली होती आणि पुस्तकात आदराने बोलावं असं लिहिलं असणार, कारण ती मांजरालाही अहो-जाहो करायची. "तुम्ही दूध प्यायलात का?" असं ती मांजराला विचारायची आणि मांजरही बसल्याजागी जरा ताठ व्हायचं. दवाखाना चालवायची तिला इथे परवानगी नव्हती, पण माणूस बोलायला लागला की तिची नजर त्याच्या दाढांकडे जायची. बाईंची एक दाढ तिने अशीच, चादरींचा गठ्ठा घेता घेता ओळखली आणि स्वतः बरोबर जाऊन सरकारी दवाखान्यात दाखवली. तिथे रांगेत दोघी अर्धा दिवस बसल्या. तिथून दोघींची ओळख मैत्रीकडे झुकली. एक मालकीण आणि एक इस्त्रीवाली असं तिच्या वागण्यात कधी नव्हतं, आणि कागदावर पाहिलं तर मालकीण नक्की कोण, हा प्रश्नच होता.

मग सरकारला जाग आली. असल्या कंपन्या तपासायच्या, ज्यांनी नुसतं नाव दिलं त्यांनाही धरायचं आणि ज्यांनी ते घेतलं त्यांनाही, अशी बातमी पेपरात आली. ज्या दिवशी आली त्याच दिवशी वकीलसाहेब जिन्याखाली स्वतः उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चादरीखाली यायला त्यांना मान वाकवावी लागली.

त्यांनी बाईंची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. चौकशीला अधिकारी आले तर सांगायचं की शेअरचे पैसे मी साठवलेल्या पैशांतून घातले. सभा दरवर्षी होते. कंपनी काय करते? फळबागेचा व्यवसाय. बाईंनी विचारलं, कुठली फळं? त्या जमिनीवर एक लिंबाचं झाड होतं, त्याला दोन वर्षांत लिंबू लागलं नव्हतं. लिंबूवर्गीय, असं साहेब म्हणाले. बाईंनी तोंडावर पदर धरला आणि खोकल्यासारखं केलं.

तेवढ्यावर सगळं थांबतं तर बाई कदाचित पोपटासारख्या बोलूनही आल्या असत्या. खोटं बोलणं त्यांना रुचलं नसतं, पण ऑफिसची इस्त्री हातची जाणं त्यांना त्याहून कमी रुचलं असतं. पण जाता जाता साहेबांनी आणखी एक कागद पुढे केला. कंपनी आपली जमीन साहेबांच्या मेव्हण्याला विकत आहे, असा. तात्पुरतीच, म्हणाले. चौकशीचं वादळ जाऊ दे, मग बघू.

"डॉक्टरबाईंना माहीत आहे हे?" बाईंनी विचारलं.

"त्यांना कशाला त्रास द्यायचा? वय झालंय त्यांचं. आणि नाही म्हणायला त्या कोण? त्यांचे शेअर कमी आहेत."

बाई इस्त्रीकडे वळल्या. इस्त्री तापली आहे, कपडा जळेल, सही मागाहून करते, असं म्हणाल्या. सही मागाहून करते हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही. आपल्या टेबलाला वाचा फुटेल असं कोणाला वाटतं?

घरी बाईंनी सगळं सांगितलं. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याने चेअरमन हे नाव गावभर केलं होतं तोच आता दार लावून हळू बोलायला लागला. सही कर आणि यातून मोकळी हो, म्हणाला. पाण्यात राहून माशाशी वैर कोणी सांगितलंय? जमीन आपली नाही, परदेशी बाई आपली नाही, आपलं काय ते ऑफिसची इस्त्री. त्याचं चुकत होतं असं नाही. भ्यालेल्या माणसाचं बोलणं बहुतेक वेळा बरोबरच असतं, म्हणून तर ते मोडून काढणं अवघड जातं. बाई म्हणाल्या, सही केली तर तिचं घर गेलं, आणि ते माझ्या हाताने गेलं. आणि सही न करता चौकशीत खोटं बोलले तर मी तुरुंगात. यात मोकळं होणं कुठे आहे ते दाखवा.

तेव्हा सासूबाई बोलल्या. इतकी वर्षं ज्यांनी सुनेला कथलाच्या वाळ्यावरून टोमणे मारले, त्याच.

"अध्यक्ष कोण आहे? तो वकील की तू?"

"कागदावर मी."

"मग कागदावरच्या खुर्चीत बसून तर बघ. नुसती उभी राहून इस्त्री करत्येस इतकी वर्षं."

बाई त्याच आठवड्यात टेकडीवर गेल्या. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. डॉक्टरबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी आत जाऊन एक कागद आणला. वकिलानेच करून दिलेला: इस्त्रीवाली आणि ड्रायव्हर हे नावापुरते भागधारक असून शेअर खरे माझे आहेत, खाली दोघांच्या सह्या. हा आहे तोवर मला भीती नाही, असं त्या म्हणाल्या. तो त्यांनी दागिन्यासारखा जपला होता. बाईंना कायदा कळत नव्हता, पण त्या कागदाकडे पाहून त्यांना प्रश्न पडला. जी गोष्ट करायला सरकारने बंदी केली आहे, ती आपण केली, असं आपणच सही करून लिहून दिलंय, मग याने आपलं रक्षण कसं होणार?

दोघींनी ठरवलं की साहेबांना नाही, सरळ जमीन कार्यालयातच विचारायचं. बाई गेल्या, एकट्या, कारण डॉक्टरबाईंचा चेहरा पाहूनच खिडकीवरचे लोक घड्याळाकडे बघायला लागायचे. तिथे एक अधिकारीबाई होत्या. डोक्याला तेल नाही, टेबलावर फायलींचा डोंगर, आणि कोणाची गय न करणारा आवाज. बाईंनी आडून आडून सुरुवात केली, माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय. अधिकारीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, मैत्रिणीला सांगा, खुर्ची ओढून बसा.

मग त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं. तो जपलेला कागद कोणत्याही कोर्टात चालणार नाही. उलट गुन्ह्याचा पहिला पुरावा तोच. परदेशी बाई त्याच्या जोरावर जमीन मागू शकत नाही, आणि तुम्ही दोघं ती कोणालाही विकली तरी ती अडवू शकत नाही. चौकशीत पकडले गेलात तर दंड, तुरुंग आणि सरकारी लिलाव. पण पकडण्याआधी कंपनीने स्वतःहून कबुली दिली तर तुरुंग नाही, दंड. जमीन विकायला एक वर्ष. विकायची ती इथल्या खऱ्या माणसाला, त्याच्या खऱ्या पैशांनी. आणि तो मालक राजी असेल तर तीच जमीन परदेशी बाईंना तीस वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने मिळू शकते. घर तर त्यांचंच राहतं, घर बांधायला कायद्याची कधीच हरकत नव्हती.

"मग हे आधीच का नाही केलं त्यांनी?" बाई म्हणाल्या.

"भाडेपट्टा सरळ असतो. सरळ कामाची फी कमी असते." अधिकारीबाईंनी पुढची फाईल ओढली. "कबुलीसाठी कंपनीचा ठराव लागेल. सभा घ्या."

"सभा दरवर्षीच होते. कागदावर."

"या वर्षी खुर्च्यांवर घ्या."

सभा घ्यायची तर सगळ्यांना लेखी सूचना हवी, वकिलालाही, कारण तो कंपनीचा सचिव होता. सूचना डॉक्टरबाईंच्या छापखान्यासारख्या सुबक अक्षरात लिहिली गेली. ती साहेबांना द्यायची कशी? वर जाऊन द्यायला बाईंचा धीर होईना. शेवटी त्यांनी साहेबांचा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घडी घातला, सूचना दुमडून खिशात ठेवली आणि खिसा वरून पुन्हा एकदा दाबला. साहेब दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहिले तेव्हा ती त्यांच्या छातीवर होती, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं. पेन काढायला हात घातला आणि हाताला काय लागलं ते सगळ्या कोर्टाने पाहिलं.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी होती. बाई त्याला भाऊ म्हणायच्या आणि तो त्यांना ताई. तो मितभाषी, मान खाली घालून गाडी पुसणारा. सभेला येशील का असं विचारलं तर हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याच्या दोन मुली शाळेत होत्या आणि नोकरी साहेबांची होती. बाईंनी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपल्यासाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं.

सभा टेकडीवरच्या घराच्या ओसरीत भरली. सहा खुर्च्या मांडल्या होत्या, दोन शेजारच्यांकडून आणलेल्या. नवरा आगारातून रजा टाकून आला होता आणि दाराशी उभा होता. सभासद नसल्यामुळे त्याला आत बसता येत नाही, हे बाईंनी स्वतः सांगितलं होतं. सांगताना बाईंना किती बरं वाटलं असेल ते लिहायला नको. सासूबाईही सभासद नव्हत्या, पण त्यांना हे सांगण्याची हिंमत अध्यक्षांतही नव्हती. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या.

साहेब आले ते हसत आले. बरोबर ड्रायव्हर, तोच गाडी घेऊन आला होता. साहेबांनी खुर्च्यांकडे पाहिलं, चहाच्या कपांकडे पाहिलं आणि लहान मुलांच्या भातुकलीला आल्यासारखं कौतुकाने बसले. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी सर्व भागधारकांचं स्वागत केलं. खरंखुरं, नाव घेऊन, एकेकाकडे बघून. मग ठराव वाचला: कंपनीतले इथले भागधारक नावापुरते आहेत, हे कंपनी कबूल करते, जमीन एका वर्षात विकते, आणि सचिवांना कामातून मुक्त करते.

साहेबांचं हसू उतरलं नाही. त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले आणि टेबलावर ठेवले. बाईंनी आणि ड्रायव्हरने फार पूर्वी सही करून दिलेले, शेअर विकल्याचे कोरे कागद. नाव कोरं, तारीख कोरी. पेनचं टोपण काढून ते म्हणाले की मी इथे आजची तारीख घालतो आणि माझ्या मेव्हण्याचं नाव. झालं. तुम्ही दोघंही आता भागधारक नाही. ज्यांना मत नाही त्यांची सभा नाही. चहा मात्र छान झालाय.

डॉक्टरबाईंना शब्द सगळे कळले नसावेत, पण बाईंचा चेहरा कळला. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात ओसरीच्या खांबाशी उभा असलेला ड्रायव्हर खाकरला.

"साहेब, ते अध्यक्षांच्या मंजुरीशिवाय चालत नाही ना?"

साहेबांनी मान वळवली. गाडीच्या स्टिअरिंगने प्रश्न विचारावा तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

ड्रायव्हर खाली मान घालूनच बोलत होता, पण थांबला नाही. म्हणाला, तुम्ही मागच्या सीटवरून प्रत्येक गिऱ्हाइकाला फोनवर हेच सांगता. घाबरू नका, कंपनीच्या नियमात मी लिहून ठेवलंय, अध्यक्षांनी सभेत मंजुरी दिल्याशिवाय एकही शेअर हलत नाही, आणि अध्यक्ष आपलंच माणूस आहे. इतक्या वेळा ऐकलंय की मला झोपेतही म्हणता येईल.

डॉक्टरबाई उठल्या, कंपनीच्या नियमांची प्रत आणली आणि चष्मा लावून बोट फिरवत गेल्या. बोट थांबलं. त्यांनी ती प्रत बाईंसमोर ठेवली. होतं, तसंच होतं, साहेबांच्याच ऑफिसात टाईप केलेलं. बाहेरच्या कोणी हळूच शेअर घेऊन दोरी हिसकावू नये म्हणून साहेबांनी ते घातलं होतं. दोरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात देतोय ते बघायचं तेवढं राहून गेलं होतं, कारण ते हात इस्त्री करणारे होते.

बाईंनी दोन्ही कागद उचलले.

"आपलंच माणूस म्हणालात ना साहेब? मग ऐका. मी मंजुरी देत नाही."

"तुम्हाला दंड होईल बाई. कोर्टात खेटे घालाल."

"होईल. विचारून आले मी. तुम्ही विचारून आलात का?"

मग मतं घेतली. बाईंचा हात वर गेला, डॉक्टरबाईंचा गेला, आणि खांबाजवळून ड्रायव्हरचाही. दारातून नवऱ्याचाही हात वर गेला होता. तो मोजला नाही. ठराव मंजूर झाला. साहेब तरातरा बाहेर पडले आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले, सवयीने. ड्रायव्हर गाडीपाशी गेला, किल्ली काढली, खिडकीतून त्यांच्या हातावर ठेवली आणि परत येऊन त्याच्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर बसला. साहेबांनी कित्येक वर्षांत गाडी चालवली नव्हती. तो उतार, ती अरुंद वाट आणि रिव्हर्स गिअर. सगळी सभा कठड्याशी येऊन उभी राहिली. पहिल्यांदा गाडी लिंबाच्या झाडाला लागली, दुसऱ्यांदाही त्यालाच. सासूबाई म्हणाल्या, "आता तरी लिंबू पडेल," आणि डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांच्या स्वतःच्या सगळ्या दाढा लोकांनी मोजल्या.

पुढचं सोपं होतं असं नाही. ऑफिसची इस्त्री गेली ती गेलीच. महिनाभर बाईंच्या खिळ्यांवर चार शर्ट लटकायचे, तेही शेजाऱ्यांनी मुद्दाम चुरगळल्यासारखे. दंड भरावा लागला. डॉक्टरबाई दोघांचा भरायला तयार होत्या, बाईंनी ऐकलं नाही. माझं नाव मी भाड्याने दिलं होतं, त्याचा दंडही मीच भरणार, म्हणाल्या, आणि तो त्यांनी तीन हप्त्यांत भरला. भरल्यावर पावती नवऱ्याने फ्रेम करून लावली. त्याचा धीर संकट टळलं की मग यायचा, पण आला की जोरात यायचा. ड्रायव्हरला आगारातच नोकरी लागली. आता तो बस चालवतो आणि मागे बसलेले लोक फोनवर काय बोलतात ते मुळीच ऐकत नाही, असं सांगतो.

आणि एक भलतंच झालं. साहेबांनी अशा कंपन्या थोड्याथोडक्या काढल्या नव्हत्या. त्यांत नाव दिलेले लोक बाईंच्या जिन्याखाली यायला लागले. एक माळी आला, एक स्वयंपाकीण आली, दोन झाडणाऱ्या बायका आल्या. सगळ्यांचा एकच प्रश्न: चेअरमनबाई, सभा घ्यायची कशी? बाई इस्त्री फिरवत फिरवत सांगायच्या की सूचना लेखी द्या, खुर्च्या मोजून मांडा, आणि स्वागत विसरू नका. येताना लोक कपडे घेऊनच यायचे, मोकळ्या हाताने सल्ला कसा मागायचा म्हणून. वर्ष संपायच्या आत बाईंनी दुसरी इस्त्री दुरुस्त करून घेतली आणि ती चालवायला एक बाई ठेवली. साहेबांची वकिलीची सनद चौकशीत अडकली. त्यांच्या ऑफिसच्या दाराला कुलूप होतं, आणि त्या दारासमोरून जिना उतरताना आता कोणी धाडधाड उतरत नव्हतं, खाली चेअरमनबाई बसतात म्हणून.

टेकडीवरची जमीन शेजारच्या रोपवाटिकावाल्याने घेतली. त्याला खालच्या अंगाची जागा कित्येक वर्षं हवी होती. पैसे त्याचे, कर्ज त्याचं, रडगाणंही त्याचंच. अधिकारीबाईंनी त्याला उलटंसुलटं इतकं विचारलं की शेवटी तो म्हणाला, बाई, हवं तर बायकोला विचारा, सहा महिने घरात याशिवाय दुसरा विषय नाही. तेव्हा कुठे त्यांनी शिक्का उचलला.

भाडेपट्टा नोंदवायच्या दिवशी सगळेच कार्यालयात गेले. अधिकारीबाईंनी दोन्ही कागद समोर ठेवले, घराचा वेगळा आणि भाडेपट्ट्याचा वेगळा. दोन्हींवर डॉक्टरबाईंचं स्वतःचं नाव होतं, मध्ये कोणी नाही. डॉक्टरबाईंनी ते नाव वाचलं, परत वाचलं, आणि त्यांचे डोळे भरले. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांच्या नावाखाली राहत होत्या आणि त्यालाच सुरक्षितपणा समजत होत्या. मग त्यांनी मुदत वाचली आणि कपाळाला आठी घातली.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "मी आता एकाहत्तर. मग एकशे एक वर्षांची झाल्यावर तुम्ही मला बाहेर काढणार?"

अधिकारीबाईंना हसावं की नियम सांगावा ते कळेना. रोपवाटिकावाला म्हणाला, मीच तोवर कुठे असेन. चेअरमनबाईंनी मैत्रिणीच्या दंडाला धरून तिला खुर्चीतून उठवलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू," त्या म्हणाल्या. "आता चला तुमच्या घरी. मला पोचवायचंय तुम्हाला."